न लिहिलेले कलम

आपल्यापैकी अनेकांच्या घरी, जुन्या ट्रंकेच्या तळाशी, बाप्तिस्म्याचे दाखले, सातबाराचे उतारे आणि लग्नाचे फोटो यांच्या सोबतीने एक पिवळा पडलेला कागद जपून ठेवलेला असतो. वडिलांच्या किंवा आजोबांच्या नेमणुकीचा तो कागद. रेल्वे, गिरणी, गोदी, छापखाना, बँक, शाळा, अशा कुठल्या तरी दारी त्यांना चाकरी लागली त्या दिवशीचा. पगार इतका, कामाची वेळ अमुक ते अमुक, रजा इतक्या, नोकरी सोडावयाची झाल्यास एक महिन्याची आगाऊ सूचना. एवढाच मजकूर, उण्यापुऱ्या एका पानाचा. त्या एका पानाच्या भरवशावर माणसाने तीस-पस्तीस वर्षे पहाटेची गाडी गाठलेली असते, घर बांधलेले असते, मुलांची शिक्षणे केलेली असतात.

तो कागद आज सावकाश वाचला म्हणजे एक गोष्ट नजरेत भरते. चाकराने काय करावे आणि काय करू नये, याची यादी त्यात असते. धन्याने पगाराखेरीज आणखी काय द्यावे, याविषयी मात्र कागद मुका असतो. त्याने चाकराशी खरे बोलावे काय? चारचौघांत त्याचा पाणउतारा टाळावा काय? ज्या धंद्यात त्याला जुंपले तो धंदा सचोटीने करावा काय? आपल्या भाषेतही हा असमतोल उतरला आहे. खाल्ल्या मिठाला जागावे, असे आपण चाकराला सांगतो. मीठ घालणाऱ्याने कशाला जागावे, हे सांगणारी म्हण आम्हांला तरी आठवत नाही.

कागदाच्या या मौनाचा अर्थ लावण्यास इंग्लंडच्या न्यायालयांना शंभराहून अधिक वर्षे लागली. त्या प्रवासाची हकीकत आम्ही येथे सांगू इच्छितो. विषय वकिलांचा वाटेल; पण तो तसा नाही. आपला १८७२ सालचा करार कायदा इंग्रजी कायद्याच्या मुशीतून निघालेला आहे आणि या हकीकतीचा एक निर्णायक अध्याय तर कलकत्त्यात घडलेला आहे. शिवाय, चाकरी करणाऱ्या आणि चाकर ठेवणाऱ्या प्रत्येक घराशी या विषयाचे नाते आहे.

धनी आणि चाकर

ब्लॅकस्टोन या विख्यात इंग्रज विधिज्ञाने आपल्या ग्रंथाचा पहिला खंड १७६५ साली प्रसिद्ध केला. पती-पत्नी, आई-बाप व मुले, पालक व पाल्य या नात्यांच्या ओळीत त्याने धनी-चाकराचे नाते बसवले, आणि तेही सर्वांच्या आधी. चाकरी हा त्या काळी केवळ सौदा नव्हता. ते घरातले नाते मानले जाई. धनी हा घराचा कर्ता, चाकर त्याच्या छपराखालचा. अशा नात्यात जिव्हाळा असू शकतो. पण कर्त्याविरुद्ध दाद मागण्याची सोय त्यात सहसा नसते.

पुढे कारखाने आले, छप्पर गेले, जिव्हाळाही गेला. राहिली ती फक्त कर्त्याची सत्ता. १८२३ सालच्या इंग्रजी कायद्यानुसार काम सोडून गेलेल्या किंवा कामात कुचराई केलेल्या कामगाराला मॅजिस्ट्रेट तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरीच्या कैदेत पाठवू शकत असे. मालकाने पगार बुडवला तर? तर तो पैशाचा वाद. एकाच कराराचा भंग. पण एकासाठी तो गुन्हा आणि दुसऱ्यासाठी निव्वळ थकबाकी. कामगार संघटनांच्या दीर्घ खटपटीनंतर १८७५ साली पार्लमेंटने ही कैद बंद केली. त्याच वर्षी झालेल्या नव्या कायद्याच्या नावातून ‘धनी आणि चाकर’ हे शब्द जाऊन ‘मालक आणि कामगार’ हे शब्द आले.

आपल्याकडे याच धर्तीचा कायदा १८५९ साली झाला. उचल घेऊन काम न करणाऱ्या कारागिराला अथवा मजुराला मॅजिस्ट्रेटने ‘काम पुरे कर, नाही तर उचल परत कर’ असा हुकूम द्यावा आणि हुकूम न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी सांगावी, अशी त्याची योजना होती. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या शहरांपासून त्याची सुरुवात झाली व पुढे त्याची व्याप्ती वाढवण्यात आली. तो रद्द करणारा कायदा झाला १९२५ साली. जी शिक्षा इंग्रजाने आपल्या घरी अन्याय्य म्हणून टाकून दिली, ती येथील मजुराच्या डोक्यावर आणखी पन्नास वर्षे टांगती राहिली.

ओहोटीचे जहाज

कैद गेली, तरी प्रश्न उरलाच. करारात जे लिहिलेले नाही ते करारात आहे, असे न्यायालयाने केव्हा म्हणावे? याचे उत्तर एका जहाजाने दिले. ‘मूरकॉक’ हे जहाज थेम्स नदीवरील एका धक्क्याला माल उतरवण्यासाठी लागले होते. ओहोटी लागली म्हणजे जहाज तळावर टेकणार, हे जहाजवाल्याला ठाऊक होते आणि धक्केवाल्यालाही ठाऊक होते. चिखलाखाली एक टणक उंचवटा होता. पाणी ओसरले, जहाज त्यावर बसले आणि त्याची हानी झाली. करारात तळाविषयी एक अक्षरही नव्हते. तरीही १८८९ साली न्यायालयाने निर्णय दिला की, तळ सुरक्षित आहे किंवा कसे याची वाजवी खबरदारी घेण्याची जबाबदारी धक्केवाल्यावर न लिहिताही येते. कारण ती नसेल तर करार करण्याला काही अर्थच उरत नाही. आपल्या किनाऱ्यावरच्या कोळी बांधवांना हे न्यायालयाने समजावून सांगावे लागले नसते.

अशा न लिहिलेल्या कलमाला कायद्याच्या भाषेत गर्भित अट म्हणतात. मात्र चाकरीच्या करारात ही युक्ती प्रथम वापरली गेली ती धन्याच्या बाजूने. शिकारीच्या पक्ष्यांची पैदास करून विकणाऱ्या एका इंग्रज व्यावसायिकाच्या व्यवस्थापकाने नोकरीत असतानाच त्याच्या गिऱ्हाइकांची नावे व पत्ते गुपचूप उतरवून घेतले आणि पुढे स्वतःचा धंदा थाटला. ‘नावे उतरवू नयेत’ असे करारात कोठेही नव्हते. तरीही चाकराने इमान राखावे ही अट न लिहिताही असतेच, असा निकाल १८९५ साली न्यायालयाने दिला. निकाल योग्यच होता. उणीव होती ती एवढीच की, इमानाची वाट एकाच दिशेने जात होती.

याच काळात, १५ मे १८९१ रोजी, पोप लिओ तेरावे यांनी ‘रेरूम नोव्हारूम’ हे आपले विख्यात परिपत्रक प्रसिद्ध केले. दोघांनी राजीखुशीने मजुरी ठरवली, मालकाने ती चुकती केली, म्हणजे न्याय झाला, या त्या काळच्या अर्थशास्त्राच्या समजुतीला त्यांनी हरकत घेतली. कोणत्याही सौद्याच्या मागे त्याहून जुना आणि श्रेष्ठ असा निसर्गदत्त न्याय उभा असतो. गरजेपोटी माणसाने कमी मोबदल्यावर मान डोलावली, तर ती राजीखुशी नव्हे, असे त्यांचे प्रतिपादन होते. कराराच्या कागदात जे मावत नाही, तेही देणे असते, हा विचार ख्रिस्तसभेने मांडला. तो न्यायालयांच्या चौकटीत यावयास मात्र पुष्कळ अवधी जावयाचा होता.

कलकत्त्याचा मॅनेजर

ग्रामोफोन कंपनी हे नाव आपल्या जुन्या पिढीला परिचयाचे आहे. १९०२ साली याच कंपनीच्या माणसांनी कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे तबकडीवर उतरवले आणि भारतीय संगीताच्या ध्वनिमुद्रणाचे युग सुरू झाले. या कंपनीच्या कलकत्त्यातील कारभारावर अॅडिस नावाचे एक इंग्रज व्यवस्थापक होते. आठवड्याला १५ पौंड पगार, वर विक्रीवर कमिशन आणि काढून टाकावयाचे झाल्यास सहा महिन्यांची सूचना, असा त्यांचा करार होता.

ऑक्टोबर १९०५. वंगभंगाचा तो महिना. शहर ढवळून निघत असताना कंपनीने अॅडिस यांना सहा महिन्यांची सूचना दिली. कराराप्रमाणे एवढे ठीकच होते. पण त्याच वेळी त्यांच्या जागी दुसरा माणूस नेमण्यात आला आणि अॅडिस यांना काम करण्यास मज्जाव करण्यात आला. ज्या कचेरीत आजवर त्यांचा शब्द चालत होता, तेथे नोकरवर्गाच्या आणि गावातल्या व्यापाऱ्यांच्या देखत ते एका दिवसात कोणीच राहिले नाहीत. डिसेंबरात ते इंग्लंडला परतले आणि त्यांनी दावा लावला. ज्यूरीला त्यांचे म्हणणे पटले. बेकायदा बडतर्फीसाठी ६०० पौंड आणि बुडालेल्या कमिशनसाठी ३४० पौंड, असा कौल ज्यूरीने दिला.

प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे गेले. तेथे १९०९ साली बहुमताने ठरले की, सूचनेच्या मुदतीचा पगार आणि कमिशन एवढेच अॅडिस यांचे येणे. ज्या रीतीने त्यांना घालवले गेले त्या रीतीबद्दल, मनाला झालेल्या यातनेबद्दल किंवा पुढे नोकरी मिळणे अवघड झाले त्याबद्दल करारभंगाच्या दाव्यात काही मिळणार नाही. करार पैशाचा, तेव्हा भरपाईही पैशाचीच. अपमानाचा हिशेब त्यात धरावयाचा नाही. कलकत्त्यातील एका कचेरीत घडलेल्या प्रसंगाने घातलेला हा बांध पुढे जवळजवळ नव्वद वर्षे कोणाला ओलांडता आला नाही.

बाप आणि मुलगा

मधल्या काळातील आणखी एक खटला मनाला चटका लावून जातो. एका शीतगृह कंपनीच्या ट्रकवर मुलगा चालक होता आणि बाप त्याचा सोबती. १९४९ सालच्या जानेवारीत एका कत्तलखान्याच्या आवारात ट्रक मागे घेताना मुलाच्या हातून बापाला धक्का बसून इजा झाली. कंपनीने बापाला भरपाई दिली. खरे म्हणजे ती विमा कंपनीने दिली. मग त्या विमा कंपनीने मालकाच्या नावाने मुलावर दावा लावला: तुझ्या निष्काळजीपणामुळे आम्हांला भुर्दंड पडला, तो तू भरून दे.

मुलाच्या वकिलांनी युक्तिवाद केला की, मालकाने विमा उतरवावा आणि नोकराला त्याचे संरक्षण मिळावे, हेही करारात न लिहिता असलेच पाहिजे. १९५७ साली लॉर्ड्सनी तीन विरुद्ध दोन मतांनी तो नाकारला. नोकराने काळजीपूर्वक काम करावे ही अट गर्भित. मालकाने नोकराला सांभाळून घ्यावे ही अट मात्र नाही. बापाला झालेल्या इजेची रक्कम मुलाच्या माथी आली. हा निकाल इतका झोंबला की, यापुढे असे दावे लावावयाचे नाहीत, असा समझोता विमा कंपन्यांनी नंतर आपसांत केला. कायद्याने जे ओळखले नाही ते जनलज्जेने ओळखले, असेच म्हणावे लागेल.

किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी

बदल आला तो मोठ्या तत्त्वज्ञानातून आलेला नाही. १९७१ सालच्या कायद्याने इंग्लंडमध्ये प्रथमच कामगाराला अन्याय्य बडतर्फीविरुद्ध न्यायाधिकरणाकडे जाण्याचा हक्क मिळाला. त्यातून एक पेच उभा राहिला. मालकाने काढून न टाकता नोकराला इतके छळले की त्यालाच राजीनामा देणे भाग पडले, तर त्याला बडतर्फी म्हणावे काय? म्हणता येईल, पण मालकाने कराराचा भंग केला असेल तरच, असे अपील न्यायालयाने सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस ठरवले. आता पंचाईत अशी की, छळू नये असे कोणत्याच करारात लिहिलेले नसते. तेव्हा न्यायाधिकरणांना न लिहिलेले कलम शोधणे भागच पडले.

ते त्यांना सापडले साध्यासुध्या माणसांच्या तक्रारींत. आईल ऑफ वाईट येथील पर्यटन मंडळाच्या संचालकाने आपल्या चिटणीस बाईंविषयी त्यांच्या देखत दुसऱ्या सहकाऱ्यापाशी शिवीवजा उद्गार काढले. बाईंनी नोकरी सोडली आणि १९७६ साली त्यांच्या बाजूने निकाल झाला. संचालक आणि त्याची खाजगी चिटणीस यांच्यात पूर्ण भरवसा हवा, तोच त्या उद्गाराने मोडला, असे न्यायाधिकरणाने म्हटले. कापड उद्योगातील एका पर्यवेक्षकाने अठरा वर्षे नोकरी केली होती. वादावादीत साहाय्यक व्यवस्थापक त्यांना म्हणाला, तुम्हांला हे काम जमतच नाही. विशेष म्हणजे बोलणाऱ्याचे स्वतःचे मत तसे नव्हते. १९७९ साली ठरले की, वाजवी कारण नसताना विश्वासाचे नातेच मोडेल असे वागणे हा मालकाकडून झालेला करारभंग आहे. १९८१ साली एका मोटार कंपनीतील कर्मचारी बाईंच्या प्रकरणात न्यायमूर्ती ब्राउन-विल्किन्सन यांनी हे सूत्र नेटक्या शब्दांत बांधले. त्या बाई स्वतः तो खटला हरल्या. पण त्यांच्या निमित्ताने घडलेले सूत्र पुढे हजारोंच्या कामी आले.

१९८९चा एक निकाल आपल्याकडच्या बँक कर्मचाऱ्यांना विशेष जवळचा वाटावा. लीड्स येथील एका बँकेतील कनिष्ठ कर्मचाऱ्याची आठवडाभराचीही मुदत न देता बर्मिंगहॅमला बदली करण्यात आली. घरी पत्नी आजारी होती. त्याने थोडी मुदत मागितली, उत्तर नाही. करारात तर बँक वाटेल तेथे बदली करील असे स्वच्छ लिहिले होते. तरीही न्यायाधिकरणाने सांगितले की, लिहिलेला अधिकारही असा वापरता येत नाही की ज्यामुळे नोकराला करार पाळणेच अशक्य व्हावे. न लिहिलेले कलम आता लिहिलेल्या कलमालाही आवर घालू लागले होते.

बुडालेल्या बँकेची माणसे

१९७२ साली आगा हसन अबेदी यांनी बँक ऑफ क्रेडिट अँड कॉमर्स इंटरनॅशनल स्थापन केली. नोंदणी लक्झेंबर्गची, मुख्य कारभार लंडनचा, शाखा सुमारे ७० देशांत. भारतीय उपखंडातील अनेक सुशिक्षित तरुणांना लंडनमध्ये प्रतिष्ठेची नोकरी दिली ती या बँकेने. मुंबईतही तिची शाखा होती. ५ जुलै १९९१ रोजी निरनिराळ्या देशांच्या नियंत्रकांनी एकाच दिवशी बँकेला टाळे लावले. खोटे हिशेब, दडवलेली कर्जे, काळ्या पैशाची उलाढाल, असे एकेक प्रकरण बाहेर येऊ लागले. मुंबईच्या शाखेचा कारभार पुढे भारतीय स्टेट बँकेने आपल्या एका उपकंपनी बँकेमार्फत हाती घेतला आणि २०११ साली ती उपकंपनीही स्टेट बँकेत विलीन झाली.

लंडनमध्ये ऑक्टोबर १९९१ मध्ये लिक्विडेटरांनी कर्मचाऱ्यांना कमी केले. त्यांतील दोघांचा खटला गाजला. कायद्याच्या ग्रंथांत तो ‘मलिक’ या नावाने ओळखला जातो. एकाने बँकेत सोळा वर्षे काढली होती, दुसऱ्याने बारा. दोघेही गैरव्यवहारापासून सर्वस्वी अलिप्त. परंतु नव्या नोकरीसाठी अर्ज करावा, तर पूर्वीच्या नोकरीच्या रकान्यात त्या बँकेचे नाव लिहावे लागे आणि दार बंद होई. त्यांचे म्हणणे असे होते की, बँकेने फसवेगिरीचा धंदा चालवून आमच्या नावाला कलंक लावला. आम्ही इमान राखले, बँकेने ते आमच्याशी राखले नाही. हा करारभंग आहे.

लिक्विडेटरांनी दावा फेटाळला. त्यांचीही अडचण समजण्याजोगी होती. तिजोरीत जे उरले होते त्यावर बुडालेल्या ठेवीदारांचाही डोळा होता. खालच्या दोन्ही न्यायालयांत कर्मचारी हरले. त्यांच्या वाटेत आडवा होता तो १९०९चा बांध, कलकत्त्याच्या मॅनेजरचा निकाल. अखेर १२ जून १९९७ रोजी लॉर्ड्सनी एकमताने कर्मचाऱ्यांचे म्हणणे उचलून धरले. सबळ कारणावाचून परस्पर विश्वासाचे नाते उद्ध्वस्त होईल असे मालकाने वागू नये, ही अट प्रत्येक नोकरीच्या करारात न लिहिताही असते. धंदा अप्रामाणिकपणे चालवणे हा तिचा भंग आहे. आणि त्यामुळे पुढील नोकरी मिळण्यात झालेले पैशाचे नुकसान मागता येते. लॉर्ड निकोल्स आणि लॉर्ड स्टेन यांची निकालपत्रे या विषयातील आधारस्तंभ मानली जातात. ब्लॅकस्टोनपासून २३२ वर्षांनी इमानाची वाट दोन्ही बाजूंनी जाऊ लागली.

आता या हकीकतीचा उत्तरार्ध सांगणे आम्हांला भाग आहे, कारण तो सांगितल्यावाचून इतिहास खरा होणार नाही. लॉर्ड्सनी निर्णय दिला तो ‘समजा, तक्रार खरी आहे’ या गृहीतावर. प्रत्यक्ष पुरावा द्यावयाचा होता तो पुढे. १९९९ साली नमुन्यादाखल निवडलेल्या काही कर्मचाऱ्यांचे दावे उच्च न्यायालयात चालले. नोकरी नाकारली गेली ती या कलंकामुळेच, हे ते सिद्ध करू शकले नाहीत. नोकरी नाकारणारा मालक आपले खरे कारण कधी कागदावर लिहून देतो काय? २००२ साली अपिलातही तेच झाले. तत्त्व जिंकले, ज्यांनी त्यासाठी वर्षानुवर्षे झुंज दिली, त्यांतील या दावेदारांच्या हाती मात्र काही पडले नाही.

दारापाशी थांबलेला न्याय

यापुढील पाऊल मागे पडले. एका संगणक कंपनीने १९९४ साली आपल्या जुन्या कर्मचाऱ्याला योग्य चौकशीविना काढले आणि त्या धक्क्याने त्याचे मानसिक स्वास्थ्य ढासळले. न्यायाधिकरणाने कायद्याच्या कमाल मर्यादेत बसणारी सुमारे ११ हजार पौंडांची भरपाई दिली. त्याचे नुकसान त्याच्या हिशेबाने चार लाख पौंडांचे होते. २००१ साली लॉर्ड्सनी सांगितले की, नोकरी चालू असतानाच्या वर्तनाला विश्वासाची अट लागू आहे. बडतर्फीच्या रीतीला ती लावता येणार नाही, कारण त्यासाठी पार्लमेंटने वेगळा कायदा व वेगळी मर्यादा घातली आहे. म्हणजे नोकर घरात असेपर्यंत धन्याने त्याला सन्मानाने वागवावे. उंबऱ्याबाहेर ढकलताना मात्र ते बंधन या अटीचे नव्हे. माणसाला सन्मानाची सर्वांत अधिक गरज असते ती नेमकी त्याच क्षणी, हे निराळे सांगावयास नको.

ऑस्ट्रेलियाने तर ही अटच नाकारली. अॅडिलेड येथील एका बँक अधिकाऱ्याचे पद २००९ साली रद्द झाले. दुसऱ्या जागेसंबंधीचे निरोप बँकेने ज्या ई-मेलवर धाडले, तो ई-मेल बँकेनेच त्याला बंद करून ठेवला होता. २०१४ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, परस्पर विश्वासाची अशी सर्वव्यापी अट करारात घालणे हे न्यायालयाचे काम नाही, ते कायदेमंडळाने करावे.

भारताची वाट थोडी वेगळी आहे. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यामुळे आपल्या न्यायाधिकरणांना बडतर्फीची चौकशी करता येऊ लागली आणि पन्नाशीच्या दशकातच सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, मालकाने सद्भावनेने न वागता सूडबुद्धीने कामगाराला काढले असेल, तर हस्तक्षेप करता येईल. इंग्लंडमध्ये असा हक्क यावयास १९७१ साल उजाडावे लागले. १९८६ साली कलकत्त्यातील एका सरकारी जलवाहतूक महामंडळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, कायम नोकराला कारण न देता तीन महिन्यांच्या सूचनेवर काढण्याचा नियमच रद्द ठरवला. नोकरीची गरज असलेला एकटा माणूस आणि बलाढ्य संस्था यांच्यातील सही ही बरोबरीची सही नव्हे, हा त्या निकालाचा गाभा होता. पोप लिओंच्या विचाराशी त्याचे साम्य वाचकांच्या ध्यानात येईल. तथापि ते संरक्षण शासकीय संस्थांपुरते होते आणि औद्योगिक विवाद कायदाही ‘कामगार’ या व्याख्येत बसणाऱ्यांपुरता होता. व्याख्येबाहेरच्या माणसाला पुष्कळदा त्या एकपानी कागदाखेरीज आधार नसतो.

आपल्या उंबऱ्याशी

हा इतिहास वाचताना आपण नकळत चाकराच्या जागी उभे राहतो, कारण आपल्या वाडवडिलांनी चाकरीच केली. पण आज चित्र पालटले आहे. वाडीत फुले खुडणारा मजूर, भाजीच्या जुड्या बांधणाऱ्या बाया, घरात भांडी घासणारी आणि म्हाताऱ्यांना सांभाळणारी मुलगी, दुकानावरचा पोऱ्या, आपल्या संस्थांतील हंगामी शिक्षक आणि शिपाई, यांच्या दृष्टीने धनी आपणच आहोत. यांतील कितीजणांपाशी एक पानाचाही करार आहे? त्यांच्या बाबतीत सारीच कलमे न लिहिलेली आहेत.

पाहुण्यांसमोर त्या मुलीला आपण कोणत्या शब्दांत हाक मारतो? वस्तू सापडेनाशी झाली की पहिला संशय कोणावर घेतो? पावसाळ्यात काम नाही म्हणून मजुराला परत धाडताना आदल्या दिवशी निरोप देतो काय? सोडून जाणाऱ्याला चार बरे शब्द लिहून देतो, की ‘आमच्याकडून गेलेला’ असे चारजणांना सांगत सुटतो? इंग्लंडच्या न्यायाधिकरणांनी ज्या तक्रारींतून हे कलम घडवले त्या याच जातीच्या होत्या. एक शिवी, एक खोटा ठपका, आठवड्याहून कमी मुदतीची एक बदली.

त्या दोन बँक कर्मचाऱ्यांनी जे मागितले, ते कायद्याने उशिरा दिले आणि त्यांच्यासारख्यांच्या पदरात पडू दिले नाही. आपल्या दारी काम करणारी माणसे न्यायालयात जाणार नाहीत. त्यांना तेवढी उसंत नाही, तेवढा पैसाही नाही. त्यांच्यापुरते हाउस ऑफ लॉर्ड्स म्हणजे आपले ओटीवरचे वागणे. ट्रंकेतील तो पिवळा कागद पुन्हा घडी घालून ठेवण्यापूर्वी, वडिलांशी त्यांच्या धन्याने कसे वागावे असे आपल्याला वाटत होते, ते एकदा आठवून पाहावे. उद्या सकाळी कामाला येणाऱ्या माणसाच्या करारातील न लिहिलेले कलम तेच आहे.